पटासमोरील जागा

बुद्धिबळाचा पट म्हणजे चौसष्ट घरांचे एक लहानसे जग होय. या जगात राजा आहे, वजीर आहे, हत्ती, घोडे आणि उंट आहेत. आणि सर्वांच्या पुढे छाती काढून उभी राहणारी आठ-आठ प्यादीही आहेत. येथे युद्ध होते, पण रक्ताचा थेंब सांडत नाही. सोंगट्यांच्या खेळात दान चांगले पडले, की नवखा खेळाडूही सराईतावर बाजी मारून जातो. बुद्धिबळात दान नाही, फासा नाही आणि म्हणूनच दैवाला थाराही नाही. दोन्ही बाजूंस सारखेच सैन्य मिळते. ज्याची नजर दूरवर पोहोचते व ज्याचे चित्त स्थिर राहते, तो विजयी होतो.

हा खेळ आपल्या देशातच जन्मास आला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे. त्यांवरून त्यास 'चतुरंग' असे नाव मिळाले. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. राजाने मनोरंजनासाठी खेळावयाच्या खेळांत त्यात या खेळाचेही वर्णन आले आहे. आजच्या बीड जिल्ह्याचा मुलूख त्या काळी याच चालुक्यांच्या राज्यात मोडत असे. पुढे हा खेळ इराणात गेला, तेथून अरबस्तानात व युरोपात पोहोचला. जाता-येता त्याने भाषांनाही शब्द दिले. शह, काटशह, मात हे शब्द आपण नित्य वापरतो. एखाद्याचा अकस्मात उत्कर्ष झाला, की 'प्याद्याचा वजीर झाला' असे म्हणतो. युरोपात एक मोठे नवल घडले. तेथे वजिराची राणी झाली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला सर्व दिशांनी हवे तितके लांब जाण्याचे सामर्थ्य मिळाले. पटावरील सर्वांत बलवान मोहरे म्हणजे राणी, हे जगाने मान्य केले.

बीड जिल्ह्यातील एखाद्या गावी सुगी सरल्यावर पारावर बुद्धिबळाचा पट मांडला जावा, आणि पाहता पाहता भोवती बघ्यांचे कोंडाळे जमावे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. खेळणारे दोघेच असतात. परंतु खेळी सुचविणारे दहा असतात. या कोंडाळ्यात मुली मात्र क्वचितच दिसतात. वस्तुतः पट कोणास काही विचारीत नाही. समोर बसलेला धनिक आहे की गरीब, वृद्ध आहे की बालक, पुरुष आहे की स्त्री, याच्याशी त्यास कर्तव्य नसते. हा प्रश्न विचारतात ती माणसे. तेरा वर्षांच्या एका मराठी मुलीला माणसांनी हाच प्रश्न विचारला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी न्यायालयाची आणि थेट जागतिक संघटनेची पायरी चढावी लागली. त्या मुलीचे नाव रोहिणी खाडिलकर.

खाडिलकर हे नाव मराठी वाचकास परके नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि 'कीचकवध', 'मानापमान', 'स्वयंवर' यांसारख्या नाटकांचे कर्ते. त्यांनी १९२३ मध्ये मुंबईत 'नवाकाळ' हे दैनिक सुरू केले. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर यांनी पुढे दीर्घकाळ त्याचे संपादकपद भूषविले. नीलकंठरावांच्या तीन मुली वासंती, जयश्री आणि रोहिणी. रोहिणी सर्वांत धाकटी. तिचा जन्म १९६३ सालचा.

वृत्तपत्राच्या या घरात बुद्धिबळाचा पट आला आणि तिन्ही बहिणींनी तो आपलासा केला. एकट्या खेळाडूस प्रतिस्पर्ध्याच्या शोधात वणवण करावी लागते. ज्या घरात तीन खेळाडू आहेत, तेथे मात्र घर हेच क्रीडांगण बनते. १९७४ मध्ये बंगळूर येथे स्त्रियांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा भरली. तीत थोरली वासंती विजयी झाली. दुसऱ्या वर्षी तो मान जयश्रीने मिळविला. १९७६ मध्ये तो धाकट्या रोहिणीकडे आला. त्या वेळी तिचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. पहिल्या दहा वर्षांत हे विजेतेपद या तीन बहिणींखेरीज अन्य कोणाच्याही हाती गेले नाही.

एवढ्यावर कथा संपली असती, तर ती केवळ यशाची कथा ठरली असती. परंतु १९७६ मध्येच एक प्रसंग उद्भवला आणि या यशास निराळाच अर्थ प्राप्त झाला.

त्या काळी देशात दोन राष्ट्रीय स्पर्धा होत असत. एक स्त्रियांची, आणि दुसरी, जी पुरुषांची म्हणून ओळखली जाई. देशातील सर्वांत बलाढ्य खेळाडू या दुसऱ्या स्पर्धेत उतरत. रोहिणीने याच स्पर्धेत खेळावयाचे ठरविले. भारतात तोपर्यंत कोणत्याही स्त्रीने असे पाऊल टाकलेले नव्हते. साहजिकच मोठी खळबळ माजली.

येथे विद्यार्थ्यांच्या मनात एक शंका येईल. स्त्रियांसाठी स्वतंत्र स्पर्धा होती आणि तीत रोहिणी विजयीही होत होती. मग तिने पुरुषांच्या स्पर्धेत जाण्याचा आग्रह का धरावा? शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर खेळाच्या स्वरूपातच आहे. कुस्तीत बळ लागते, म्हणून मल्लांचे वजन पाहून जोड लावतात. बुद्धिबळात मोहरे उचलण्यास जेवढे बळ लागते, तेवढे बालकाच्या बोटांतही असते. बाकीचे सारे काम बुद्धीचे, आणि बुद्धीची वाढ होते ती आपल्याहून वरचढ असलेल्याशी झुंजल्याने. जो विद्यार्थी सदैव सोपीच गणिते सोडवितो, त्यास पैकीच्या पैकी गुण मिळतील. पण गणित येणार नाही. स्त्रियांची वेगळी स्पर्धा असते ती अधिक मुलींनी या खेळाकडे वळावे म्हणून. तो एक दरवाजा आहे. त्याच दरवाजाची कोणी भिंत करू लागले, तर त्याचा मूळ हेतूच हरपतो.

हे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेथे रोहिणीच्या बाजूने निकाल लागला. एवढेच नव्हे, तर या वादाचा ध्वनी सातासमुद्रापलीकडे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या कानी गेला. त्या संघटनेचे अध्यक्ष डॉ. मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही.

हा निर्णय देणारा पुरुष कोण होता, हे जाणून घेण्यासारखे आहे. डॉ. युवे हे हॉलंडचे. अलेखिन या महान खेळाडूस नमवून १९३५ मध्ये ते जगज्जेते झाले. तरीही त्यांनी बुद्धिबळ हा आपला चरितार्थ मानला नाही. ते गणिताचे शिक्षक होते आणि ॲमस्टरडॅम येथील मुलींच्या विद्यालयात त्यांनी अध्यापन केले होते. मुलींची बुद्धी काय करू शकते, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

त्यांस आणखीही एक अनुभव होता. स्त्रियांची पहिली जगज्जेती व्हेरा मेन्चिक हिने १९२७ मध्ये ते पद मिळविले. १९२९ मध्ये कार्ल्सबाड येथे बावीस नामांकित खेळाडूंची स्पर्धा भरली, तेव्हा त्यांत ती एकटीच स्त्री होती. तेथे आल्बर्ट बेकर नावाच्या खेळाडूने थट्टा केली, की जो कोणी या बाईंकडून हरेल, त्यास 'मेन्चिक मंडळा'चे सभासद करून घ्यावे. नियतीचा न्याय असा, की त्या मंडळाचा पहिला सभासद होण्याचा मान खुद्द बेकर यांसच मिळाला! मेन्चिक त्या स्पर्धेत अखेरच्या स्थानी राहिली, हे खरे. पण मंडळाची सभासदसंख्या पुढे वाढतच गेली. इंग्लंडमधील हेस्टिंग्जच्या स्पर्धांत तिने ज्यांना हरविले, त्यांत तरुण युवेही होते. तिच्याकडून हार पत्करल्यानंतर काही वर्षांनी ते जगज्जेते झाले. म्हणजे स्त्रीकडून हरण्यात पुरुषाची मानहानी नाही, हे युवे यांनी पुस्तकात वाचले नव्हते. स्वतः अनुभविले होते. मेन्चिक १९४४ मध्ये लंडनवरील बाँबहल्ल्यात मृत्यू पावली. तिने ज्यांना हरविले, त्यांतीलच एकाने बत्तीस वर्षांनंतर एका मराठी मुलीस न्याय दिला.

रोहिणी त्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली आणि तेथे तिने तीन राज्यांच्या विजेत्यांना पराभूत केले. बुद्धिबळाच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूस आपली व प्रतिपक्षाची खेळी कागदावर लिहून ठेवावी लागते. त्यामुळे कोण कसा जिंकला, हे नंतर कोणासही ताडून पाहता येते. तेथे भीड चालत नाही आणि दयेने दिलेला विजय लपत नाही. रोहिणी ती स्पर्धा जिंकली नाही. पण प्रश्न जिंकण्याचा नव्हताच. तो खेळण्याचा होता. जिंकण्याचा हक्क कोणासही देता येत नाही, तो ज्याचा त्याने मिळवावयाचा असतो. मात्र पटासमोर बसण्याचा हक्क सर्वांचा असतो आणि तो कोणी हिरावून घेता कामा नये.

यानंतर रोहिणीने मागे वळून पाहिले नाही. १९७७ मध्ये तिला महाराष्ट्र शासनाचा छत्रपती पुरस्कार मिळाला आणि १९८० चा अर्जुन पुरस्कारही तिला लाभला. १९८१ मध्ये हैदराबाद येथे आशियाई महिला स्पर्धा झाली. तीत बारापैकी साडेअकरा गुण मिळवून, एकही डाव न हरता, ती विजयी झाली. आशियाई विजेतेपद मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी तिला महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळाला. हा किताब मिळविणारी पहिली भारतीय स्त्री होण्याचा मान तत्पूर्वीच, १९७९ मध्ये, तिची बहीण जयश्री हिने पटकावला होता! १९८३ मध्ये मलेशियातील क्वालालंपूर येथे रोहिणीने आशियाई अजिंक्यपद पुन्हा जिंकले. राष्ट्रीय महिला विजेतेपद तिने एकूण पाच वेळा मिळविले. बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्येही ती भारताच्या वतीने खेळली.

एवढी कीर्ती मिळाल्यावर एखाद्यास वाटेल, की आता जन्मभर पट आणि मोहरी हेच तिचे विश्व राहिले असेल. परंतु तसे झाले नाही. १९९३ मध्ये रोहिणीताई स्पर्धांतून निवृत्त झाल्या. त्यांनी मुद्रणविद्येचे शिक्षण घेतले आणि १९९८ मध्ये 'संध्याकाळ' या सायंदैनिकाचे संपादकपद स्वीकारले. जयश्रीताईंनीही पुढे 'नवाकाळ'च्या संपादनाची धुरा वाहिली. पणजोबांची लेखणी अशा रीतीने पणतींच्या हाती आली.

येथे हौशी खेळाडू या शब्दाचा खरा अर्थ ध्यानी घेण्याजोगा आहे. हौशी म्हणजे कच्चा नव्हे. ज्यास खेळ पोट भरण्यासाठी नव्हे, तर आनंदासाठी हवा असतो, आणि तरीही जो त्यासाठी व्यावसायिकाइतकेच कष्ट उपसतो, तो हौशी. युवे असे होते. खाडिलकर भगिनीही अशाच होत्या. खेळाने त्यांस जे दिले, ते पट आवरून ठेवल्यावरही त्यांच्यापाशी राहिले. संपादकाचे काम तरी काय वेगळे असते? परिस्थितीचा पट न्याहाळावा, समोरच्याची पुढील खेळी ओळखावी, घाईने हात पुढे करू नये, आणि एकदा मोहरे हलविले, की त्याची जबाबदारी स्वतः घ्यावी.

एक प्रश्न एके ठिकाणी सुटला, म्हणजे तो सर्वत्र सुटला असे मात्र होत नाही. १९८६ मध्ये हंगेरीची सुसान पोल्गार आपल्या खेळाच्या बळावर जगज्जेतेपदाच्या पात्रता फेरीसाठी पात्र ठरली. परंतु ती स्पर्धा 'पुरुषांची' आहे, असे सांगून तिला खेळू दिले गेले नाही. मुंबईच्या मुलीने दहा वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न तिलाही विचारावा लागला. त्यानंतर तो नियम बदलण्यात आला. हक्क म्हणजे एकदा बांधून पूर्ण झालेले घर नव्हे. ते शेत आहे. त्याची मशागत प्रत्येक पिढीस करावी लागते.

या मशागतीचे पीक पुढच्या पिढीने पाहिले. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. तीत दोन्ही बाजूंस भारतीय स्त्रियाच होत्या. आंध्र प्रदेशची कोनेरू हंपी आणि नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. दिव्याने चषक जिंकला आणि त्या विजयाबरोबरच तिला ग्रँडमास्टर हा सर्वोच्च किताबही मिळाला. बाटुमीच्या त्या पटापर्यंत जाणारी वाट अनेकांनी पाडली. तिच्यावरील एक काटा १९७६ मध्ये तेरा वर्षांच्या मुलीने दूर केला होता.

आज बीड, अंबाजोगाई किंवा परळी येथे बुद्धिबळाची स्पर्धा भरली आणि एखादी शाळकरी मुलगी नाव नोंदविण्यास गेली, तर ती महिला गटात खेळू शकते आणि खुल्या गटातही खेळू शकते. 'खुला' हा शब्द ती सहज वाचून जाते. तो तिथे आपोआप आला असे तिला वाटत असेल. प्रत्यक्षात एकेका शब्दामागे कोणीतरी बसलेले असते. पटासमोर ताठ मानेने, दुसऱ्याने खेळी करावी म्हणून शांतपणे वाट पाहत.

शब्दार्थ

सुगी – पीक हाती येण्याचा काळ
कोंडाळे – भोवती जमलेला माणसांचा घोळका
मोहरे – बुद्धिबळातील सोंगटी
रास्त – योग्य, वाजवी
मज्जाव – मनाई, बंदी
चरितार्थ – उपजीविका
मशागत – पीक घेण्यापूर्वी जमिनीची करावयाची तयारी

स्वाध्याय

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. बुद्धिबळास 'चतुरंग' हे नाव कशावरून मिळाले?
२. स्त्रियांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत कोण विजयी झाले?
३. 'मेन्चिक मंडळा'चा पहिला सभासद कोण ठरला?

(आ) कारणे द्या.
१. बुद्धिबळात दैवाला थारा नाही.
२. स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा असूनही रोहिणीने दुसऱ्या स्पर्धेत खेळण्याचे ठरविले.
३. बुद्धिबळाच्या स्पर्धेत दयेने दिलेला विजय लपत नाही.

(इ) चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
१. डॉ. मॅक्स युवे यांच्या निर्णयामागे त्यांचे कोणते अनुभव असावेत, असे तुम्हांस वाटते?
२. 'हौशी म्हणजे कच्चा नव्हे' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. लेखकाने हक्काला घराऐवजी शेताची उपमा का दिली आहे?

(ई) पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
बाजी मारणे, काटशह देणे, मात करणे, प्याद्याचा वजीर होणे, मागे वळून न पाहणे.

(उ) उपक्रम
आपल्या वर्गात बुद्धिबळाची लहानशी स्पर्धा भरवा. मुले व मुली यांची नावे एकाच चिठ्ठीपेटीत टाकून जोड्या लावा. प्रत्येक डावातील खेळी वहीत लिहून ठेवा आणि डाव संपल्यावर दोन्ही खेळाडूंनी मिळून तो पुन्हा मांडून पाहा.